यकृतासाठी वनौषधी घ्यायचीच असेल, तर ती कशी घ्यावी

पोटात गेलेली गोळी असो, काढा असो की चूर्ण, आतड्यातून शोषलं गेलं की ते रक्तावाटे आधी यकृतात पोहोचतं. तिथे त्याची मोडतोड होते आणि मग ते बाकीच्या शरीराला मिळतं. म्हणजे यकृतासाठी म्हणून घेतलेली वनस्पतीसुद्धा यकृतालाच निस्तरावी लागते. म्हणूनच ‘झाडपाल्याचं औषध आहे, गुण आला नाही तरी अपाय तर होणार नाही’ हा समज मला फार धोक्याचा वाटतो. काही वनस्पतींवर बऱ्यापैकी अभ्यास झालेला आहे आणि त्या विचारपूर्वक घ्यायला माझी ना नाही. पण घेण्याची एक रीत आहे, ती पाळायला हवी.

१. आधी रक्त तपासून घ्या

ही पायरी गाळू नका. लिव्हर फंक्शन टेस्ट म्हणजे यकृताच्या कामाची रक्ततपासणी. तीत एसजीपीटी, एसजीओटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स), बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि अल्ब्युमिन हे आकडे मिळतात. औषधी सुरू करण्याआधीचे आकडे हाताशी नसतील, तर दोन महिन्यांनी एसजीपीटी वाढलेलं दिसल्यावर ते मुळातच वाढलेलं होतं की औषधीने वाढवलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

त्याच वेळी हिपॅटायटिस बी आणि सी यांची चाचणीही करून घ्या. हिपॅटायटिस सी आज बहुतेकांचा ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. असा रुग्ण काढ्यांवर वर्ष काढतो तेव्हा खरंच वाईट वाटतं. फॅटी लिव्हर निघालं आणि वजन जास्त असेल, तर ७ ते १० टक्के वजन उतरवल्याने जो फरक पडतो, तो कोणत्याही वनस्पतीने पडल्याचं दिसलेलं नाही. दारू पीत असाल तर ती थांबवणं हा पहिला उपचार.

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आई, लहान मुलं, सिरॉसिसचे (यकृतात कायमचे व्रण पडून ते घट्ट झालेले) रुग्ण, अवयव प्रत्यारोपण झालेले आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढच्या पायरीकडे वळूच नये.

२. वनस्पती नीट पारखून निवडा

सर्वांत जास्त अभ्यास मिल्क थिसलवर झाला आहे. शास्त्रीय नाव सिलिबम मेरियानम. तिच्या बियांमधून सिलिमरिन नावाचं मिश्रण मिळतं आणि त्यातला मुख्य घटक म्हणजे सिलिबिनिन. अमानिटा जातीच्या विषारी अळंबीची बाधा झाल्यावर युरोपात सिलिबिनिन शिरेतून देतात, त्यामुळे या घटकाला अर्थ नाही असं म्हणता येत नाही. पण रोजच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी. २०१२ साली हिपॅटायटिस सीच्या १५४ रुग्णांवरची एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना २४ आठवडे नेहमीपेक्षा बराच जास्त डोस दिला होता, तरी एसजीपीटी उतरण्यात सिलिमरिन आणि औषधविरहित गोळी यांत फरक आढळला नाही. फॅटी लिव्हरमध्ये काही छोट्या अभ्यासांत आकडे थोडे सुधारलेले दिसतात. तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा. सिलिमरिन पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून बियांचा चहा करून पिण्यात अर्थ नाही. प्रमाणित अर्कच घ्यावा लागतो. पोट थोडं सैल होऊ शकतं. शेवंती-झेंडूच्या कुळातल्या वनस्पतींची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही टाळावी.

भुईआवळ्याची कहाणी मला फार बोलकी वाटते. १९८८ साली ‘द लॅन्सेट’मध्ये एक अभ्यास आला. हिपॅटायटिस बीचे विषाणू बाळगणाऱ्या ३७ जणांना ३० दिवस भुईआवळा दिल्यावर त्यांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, असं त्यात म्हटलं होतं. आशा वाटावी असाच हा निकाल होता. पुढे इतर संशोधकांनी तसेच प्रयोग केले, पण तो निकाल पुन्हा मिळाला नाही. तरीही काविळीवरचं औषध म्हणून भुईआवळ्याचं नाव टिकून आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हिपॅटायटिस ए आणि ई यांची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्या काळात जे पोटात गेलं, त्याला श्रेय मिळतं. ज्या थोड्यांचं यकृत त्याच आठवड्यांत निकामी होऊ लागतं, त्यांचा मात्र मोलाचा वेळ हातचा जातो.

हळदीबद्दल मात्र सावध करायलाच हवं. जेवणातली हळद आणि करक्युमिनची कॅप्सूल या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. करक्युमिन शरीरात फार कमी शोषलं जातं, म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातलं पायपरिन मिसळतात आणि शोषण अनेक पटींनी वाढतं. त्याबरोबर जोखीमही वाढू शकते. अमेरिकेत २०२२ साली हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ७ जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय प्रकार सापडला आणि एकाचा मृत्यू झाला. हा प्रकार आपल्यात आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नसतं.

गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात ती रोज घेणाऱ्या काहींना यकृताचा दाह झाल्याच्या नोंदी २०२१पासून प्रसिद्ध झाल्या. तो दाह स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्यासारखा होता. थायरॉइडचा किंवा दुसरा कोणताही ऑटोइम्यून आजार असेल, तर माझ्या मते गुळवेल घेऊच नये.

३. बाटलीवरचं लेबल वाचा

त्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग (मूळ, बी की पान), अर्क किती मिलिग्रॅम आणि त्यात मुख्य घटक किती टक्के, एवढं तरी असलंच पाहिजे. मिल्क थिसलच्या चांगल्या अर्कात साधारण ७० ते ८० टक्के सिलिमरिन असतं. जड धातूंची तपासणी झाल्याचं लिहिलेलं असेल तर उत्तम.

दहा-बारा वनस्पतींचं ‘लिव्हर डिटॉक्स’ मिश्रण घेऊ नका. यकृत धुऊन काढावं लागत नाही, आणि अपाय झालाच तर तो नेमका कशाने झाला हे कळणार नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या टाळा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं, की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतला एक मुख्य घटक) घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. साध्या पाण्यात उकळलेल्या ग्रीन टीला हा इशारा लागू नाही. कावा आणि कॉम्फ्री या यकृताला इजा करू शकणाऱ्या वनस्पतींच्या वाटेला जाऊ नका. अश्वगंधेनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हेही ध्यानात असू द्या.

४. एका वेळी एकच, तारीख लिहून

वहीत नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख लिहा. आधीपासून चालू असलेल्या गोळ्याही लिहा आणि ते पान डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर जास्त वेळा मोजा, कारण सिलिमरिनने ती थोडी उतरू शकते. चार ते सहा आठवड्यांनी तीच रक्ततपासणी पुन्हा करा. तीन महिन्यांत आकडे हलले नाहीत तर औषधी बंद करा. चालू ठेवण्याचं कारणच उरलेलं नसतं.

५. कधी थांबायचं

डोळे पिवळे दिसणं, लघवी गडद होणं, शौच पांढुरकं होणं, अंगाला खाज सुटणं, भूक मरणं, न जाणारा थकवा, उजव्या बरगडीखाली दुखणं. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी औषधी बंद करून रक्त तपासा. लक्षण नसलं तरी एसजीपीटी कमाल मर्यादेच्या तिप्पट झालं असेल तर थांबा. गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा रक्तस्राव दिसला तर थेट इस्पितळ गाठा. इजा बहुधा लगेच होत नाही, एक ते सहा महिन्यांनीही होऊ शकते. म्हणून ‘इतके दिवस तर काही झालं नाही’ यावर विसंबू नका. एकदा त्रास झालेली वनस्पती पुन्हा ‘करून पाहू’ म्हणून घेऊ नका, कारण दुसऱ्या वेळी इजा जास्त वेगाने आणि जास्त तीव्र होऊ शकते.

डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या, रिकामी झाली असली तरी. लाज वाटून काढा घेतल्याचं लपवणारे पुष्कळ असतात, आणि कारण माहीत नसेल तर डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं.