गृहकर्ज बँकेचं घ्यावं की हाउसिंग फायनान्सचं? या चुका टाळा

बँकेने फाईल परत केली की एजंट दुसऱ्या दिवशी हाउसिंग फायनान्स कंपनीचा, म्हणजे मुख्यतः घरासाठी कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपनीचा, फॉर्म घेऊन हजर होतो. घाई असते, बिल्डरचा तगादा असतो, सही होऊन जाते. बँक नेमकी कशामुळे नाही म्हणाली, हे विचारायचं राहूनच जातं. पुढच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

नकाराची कारणं साधारण तीन: सिबिल (आधीची कर्जं कशी फेडली यावरचे गुण), उत्पन्नाचे कागद, नाहीतर मालमत्तेचे कागद. पहिल्या दोन कारणांसाठी कंपनीकडे जाण्यात काही वावगं नाही. रोखीत धंदा करणाऱ्याच्या आयकर रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दिसतं आणि बँक तोच आकडा धरते. कंपनीचा माणूस दुकानात येऊन गल्ला, खरेदीची बिलं, खात्यातली उलाढाल बघतो आणि त्यावरून उत्पन्न ठरवतो. या जोखमीपायी व्याज जास्त लागतं, इतकंच. दोनेक वर्षं हप्ते वेळेवर गेले, रिटर्न नीट भरले, की कर्ज बँकेकडे वळवायचा प्रयत्न करता येतो.

मालमत्तेच्या कागदांचं मात्र तसं नाही. जमीन एनए (बिनशेती) नाही, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, किंवा गावठाणातल्या घराला पुरावा म्हणून फक्त ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. अशा घरावर कंपनीने कर्ज दिलं म्हणून कागद दुरुस्त होत नाहीत. तीन वर्षांनी बॅलन्स ट्रान्सफरला, म्हणजे कर्ज बँकेकडे वळवायला, गेलात की वकिलाचा शेरा तोच आणि नकारही तोच. तोवर जास्त व्याज भरत राहायचं. म्हणून नकाराचं कारण लेखी मागा आणि लीगल रिपोर्टमध्ये (बँकेच्या वकिलाच्या अहवालात) कोणता कागद कमी पडला ते शाखेतून लिहून घ्या. तो कागद मिळण्यासारखा नसेल, तर प्रश्न कर्जाचा नाही, घराचा आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे नुसता आजचा दर ताडून पाहणं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि व्याजदर किमान तीन महिन्यांतून एकदा त्यानुसार नव्याने ठरवावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर हे बंधन नाही. त्या आपल्या पीएलआरवर, म्हणजे स्वतःच ठरवलेल्या मूळ दरावर, चालतात. रेपो उतरला तरी तिथल्या जुन्या ग्राहकाचा दर आपोआप उतरेल याची खात्री नसते. पुष्कळदा कन्व्हर्जन फी (दर बदलून घेण्याचं शुल्क) भरून तो मागून घ्यावा लागतो. ‘फिक्स्ड’ लिहिलेलं असेल तर किती वर्षांसाठी, तेही वाचा. दोन-तीन वर्षांनी फ्लोटिंग होणारी कर्जं याच नावाने विकली जातात.

दर वाढला की काय होतं, ते आकड्यात पाहा. ३० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के: हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. सुरुवातीलाच दर ९.५ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २४० हप्त्यांचे जवळपास ३०९ होतात. पावणेसहा वर्षं वाढली आणि खात्यातून जाणारी रक्कम तीच, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. मुदत तशीच ठेवली तर हप्ता सुमारे २७,९६४ होतो. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची मुभा ग्राहकाला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँका आणि कंपन्या दोघांनाही सांगितलं आहे. मुभा मागितली नाही, तर सहसा मुदतच वाढते.

‘कंपनी नव्वद टक्के देते’ हे वाक्य ऐकलंत तर थांबा. मर्यादा दोघांना सारखीच: कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८०, त्यावर ७५. चाळीस लाखांच्या फ्लॅटला ३२ लाखांच्या वर गृहकर्ज बसत नाही. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्चही सहसा आपणच उचलायचा. मर्यादेच्या वरची रक्कम मिळत असेल तर ती बहुधा वेगळ्या नावाने, वेगळ्या दराने दिलेली असते.

कर्जासोबत पुढे केल्या जाणाऱ्या विम्याचंही सावधपणे बघा. साठ हजारांचा एकरकमी प्रीमियम कर्जात मिसळला, तर ९.५ टक्क्यांनी वीस वर्षांत त्याचे सुमारे १ लाख ३४ हजार होतात. ‘हा घेतल्याशिवाय मंजुरी नाही’ असं सांगणाऱ्याला ते लेखी द्यायला सांगा. बहुतेकदा विषय तिथेच मिटतो.

हे सगळं एका जागी बघायचं तर केएफएस (की फॅक्ट स्टेटमेंट, कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक) मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँक असो वा कंपनी, नव्या किरकोळ कर्जाला हे पत्रक द्यावंच लागतं. त्यात एपीआर असतो, म्हणजे व्याजात प्रोसेसिंग फी आणि इतर आकार धरून येणारा वार्षिक दर. दोन ठिकाणची पत्रकं शेजारी ठेवून हाच आकडा पाहा. मात्र रक्कम आणि मुदत दोन्हीकडे सारखी हवी, नाहीतर तुलना फसते.

एक शेवटचं, कर्ज घेतानाच करायचं. जमा केलेल्या मूळ कागदांची यादी शिक्क्यानिशी घ्या. कर्ज फिटल्यावर कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.