जुन्या लॅपटॉपसाठी हलके लिनक्स निवडताना या चुका टाळा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून गावातील मुले जुने लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात आणि सर्वांत हलके लिनक्स (विंडोजच्या जागी बसवायची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम; तिचे अनेक प्रकार आहेत) कोणते, एवढेच विचारतात. पहिली चूक इथेच होते, कारण मशीन नेमके कशाने अडते आहे हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही.

गेल्या मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात पुतण्याचा लॅपटॉप पाहिला. त्याने तीन वेगवेगळी लिनक्स बसवून पाहिली होती, तरी अर्ध्या तासात माउसही हलेनासा होई. "काका, पंखा तं फिरून राह्यला," असे तो सांगत होता. मागचे झाकण उघडल्यावर दिसले की पंखा आणि त्यापुढची जाळी यांच्यामध्ये धूळ आणि कापसाचे तंतू यांचा थर घोंगडीसारखा बसला होता; भाव वाढेपर्यंत घरातच भरून ठेवलेल्या कापसाच्या खोलीत तो अभ्यासाला बसत असे. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग उतरवतो, आणि त्यावर कोणतेही लिनक्स उपाय करू शकत नाही. ब्रशने जाळी साफ केली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली आणि तेच लिनक्स नीट चालू लागले.

दुसरी चूक ३२ बिटची, म्हणजे ६४ बिटच्या आधीच्या जुन्या प्रकारच्या प्रोसेसरची. विंडोज ३२ बिट दिसले म्हणून प्रोसेसरही तसाच असेल, असे अनेक जण धरून चालतात. पण 'सिस्टिम टाइप'च्या त्याच ओळीत 'एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' लिहिलेले असेल, तर ६४ बिट लिनक्स चालते. हे तपासणे महत्त्वाचे आहे, कारण २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सने ३२ बिट संगणकांसाठीचा इन्स्टॉलरच बंद केला. प्रोसेसर खरोखर ३२ बिट असेल, तर अँटिएक्स या हलक्या लिनक्सकडे वळावे.

रॅम ४ जीबी असेल, तर मिंट या लिनक्सची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती घ्यावी. २ जीबी असल्यास लुबंटू हे लिनक्स पाहावे. त्याहून हलके शोधत बसणे माझ्या मते व्यर्थ आहे, कारण सातबारा पाहणे, अर्ज भरणे, व्हिडिओ लावणे ही सगळी कामे ब्राउझरमध्ये होतात आणि रॅम तोच खातो. त्याऐवजी एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्कवर) पैसा खर्च केला, तर फरक डोळ्यांना दिसतो.

डिस्क पुसण्याआधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत व पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर मशीन परत जागे होते का, हे पाहावे. वाय-फाय ओळखले गेले नाही, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला देण्याची सोय) सुरू करावे आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावा. बॅटरी संपलेली असेल, तर भारनियमनाची वेळ टाळूनच इन्स्टॉल सुरू करावे. मध्येच वीज गेली, तर अर्धवट लिहिलेल्या डिस्कवरून मशीन सुरूच होत नाही आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.