वेबपान बनवण्याची साधने कशी निवडावीत : देवगड-मालवणातील अनुभव

देवगड आणि मालवण या दोन तालुक्यांत गेली काही वर्षे मी आंबा बागायतदारांची आणि न्याहारी-निवास चालवणाऱ्या कुटुंबांची संकेतस्थळे तयार करतो. या कामात येऊ पाहणारी मुले-मुली भेटली की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : कोणते सॉफ्टवेअर शिकू? मी त्यांना आधी विचारतो, की पान तयार झाल्यावर त्यातला मजकूर कोण बदलणार आहे, आणि कशावर.

हा प्रश्न मला देवगडच्या एका बागायतदार काकांमुळे सुचला. त्यांचे संकेतस्थळ मी एचटीएमएल (पानाची रचना सांगणारी भाषा) आणि सीएसएस (त्याचे रूप ठरवणारी भाषा) यांत हाताने लिहिले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. मार्चमध्ये फळ निघू लागले, पाच डझनी पेटीचा दर दोन-चार दिवसांनी बदलू लागला आणि प्रत्येक बदलासाठी त्यांना मला फोन करावा लागू लागला. शेवटी ते म्हणाले, "बाकीचा ऱ्हवांदे, माका फकत दर बदलूक शिकय." त्याच आठवड्यात मी ते संकेतस्थळ वर्डप्रेसवर नेले. २००३ साली सुरू झालेली, कोड न लिहिता मजकूर बदलू देणारी ही प्रणाली मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि बागेत उभ्या उभ्या मोबाइलवरून दर बदलता येणे ही काकांची गरज तिने पूर्ण भागवली.

मात्र म्हणून सगळ्यांना वर्डप्रेस देऊ नये. त्याच्यामागे सर्व्हरवर पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटाबेस चालू असतो, वर्डप्रेस आणि त्याला जोडलेले प्रत्येक प्लगइन (जादा सोय देणारा छोटा प्रोग्रॅम) वेळोवेळी अद्ययावत करावे लागते, आणि ते न केल्यास बाहेरच्यांना आत शिरायला वाट मिळते. ज्या न्याहारी-निवासाची माहिती वर्षातून एकदाच, पर्यटनाच्या हंगामाआधी बदलते, त्याच्यासाठी साधी स्थिर पानेच, म्हणजे डेटाबेसशिवाय चालणाऱ्या तयार फाइलीच, योग्य असतात. पाने पाच-सहा असतील तर ती हाताने लिहावीत. जास्त असतील तर ह्यूगोसारखे साधन साच्यावरून पाने तयार करून देते. दोन्ही वाटांना एचटीएमएल आणि सीएसएस आले पाहिजे, आणि म्हणून पहिले तीन-चार महिने त्यांनाच द्यावेत असे माझे ठाम मत आहे. ओढून-ठेवून पान जुळवणारी साधने त्यानंतर हाताळावीत, कारण त्यांच्यात काही बिघडले तर आतला कोड वाचता येणाऱ्यालाच ते दुरुस्त करता येते.

मराठी मजकुरासाठी तर हे वाचता येणे फार महत्त्वाचे आहे. एका तयार थीममध्ये (पानाच्या आयत्या साच्यात) मी "देवगड हापूस" असे शीर्षक टाकले, तेव्हा शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटलेली दिसली. थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली होती आणि शीर्षकाला दोन पिक्सेलचे लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, दिलेले होते. ते शून्य केल्याबरोबर रेषा सलग झाली. ओळींमधले अंतरही असेच तपासावे लागते, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना आणि रफारांना भिडतात. मी लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.७ पटीच्या आसपास ठेवतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद केली, की नोटो सॅन्स देवनागरीसारखा फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो. ग्राहक जुन्या छापील पत्रकाचा मजकूर देतात, तो पुष्कळदा युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची आजची समान संकेतपद्धती) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये असतो आणि पानावर चिकटवल्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून ओळन् ओळ वाचावा लागतो, त्यासाठी वेळ आणि मोबदला आधीच ठरवून घ्यावा.

कोड लिहिण्यासाठी २०१५ मध्ये आलेला व्हीएस कोड हा संपादक पुरेसा आहे; जुन्या संगणकावर नोटपॅड प्लस प्लस हलके पडते. यावर फार वेळ घालवू नये. आपल्याकडे त्याहून महत्त्वाची कसोटी वेगळी आहे : वीज आणि रेंज गेल्यावर साधन चालते का? २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाच्या वेळी माझे एक काम केवळ ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनात अडकून पडले. ज्यांच्या फाइली लॅपटॉपवर होत्या, ती कामे बॅटरी असेपर्यंत पुढे सरकली. गिट या फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचाही मोठा उपयोग येथेच होतो, कारण त्यात ही नोंद इंटरनेटशिवाय आपल्याच संगणकावर करता येते आणि रेंज आल्यावर ती वर चढवता येते.

रेंजचा विचार पाहुण्यांसाठीही करावा. तारकर्लीच्या एका निवासाचे मालक मोबाइलवर काढलेली छायाचित्रे जशीच्या तशी चढवत असत, प्रत्येकी चार-पाच एमबीची. गिंप या चित्रे संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बाराशे पिक्सेल रुंदीची करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवली, तेव्हा प्रत्येकाचे वजन दीडशे-दोनशे केबीवर आले. क्रोम ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये मंद नेटवर्कची नक्कल करता येते. पान ग्राहकाला दाखवण्याआधी त्यावर एकदा उघडून पाहावे.

डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) आणि होस्टिंग (त्याच्या फाइली ठेवण्याची सर्व्हरवरची जागा) घेताना खाते मालकाच्याच नावावर, मालकाच्याच ईमेलवर उघडावे. माझ्याकडे आलेल्या एका मामींचे डोमेन आधीच्या कारागिराने स्वतःच्या नावावर घेतले होते. तो पुढे फोन उचलेनासा झाला, आणि छापून घेतलेल्या सगळ्या पेट्यांवरचा संकेतस्थळाचा पत्ता त्यांना स्टिकर लावून झाकावा लागला.