"दीड लाख घे आणि सही कर" म्हणतायत? थांबा, आधी हिशोब बघा

कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याबी एमआयडीसीत प्रेस मशीनवर बोटं गेली की टाके निघायच्या आत ठेकेदार स्टँप पेपर घेऊन दारात हजर, कोर्टात वर्षं जातील, मिळतंय ते घे वगैरे. पैसे घ्यायला ना नाही भावांनो, पण आपलं किती निघतंय हे माहीत नसताना सही करू नका.

आधी पगारातनं ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापतात का बघा. कापत असतील तर भरपाई तिकडनंच मिळते, घरी बसलाय त्या काळाचे पगाराच्या 90 टक्के आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर पुढं त्याचे पैसे वेगळे, त्यामुळं "रोख देतो, ईएसआयला कळवू नको" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणायचं.

ईएसआय नसेल तर 1923 च्या कामगार भरपाई कायद्याचा हिशोब असा. महिन्याचा पगार (3 जानेवारी 2020 पासून जास्तीत जास्त 15,000 धरतात, तुमचा 18 हजार असला तरी), त्याचे 60 टक्के, गुणिले वयाचा ठरलेला आकडा. तिशीतल्या पोराला, म्हणजे बरोबर 30 वयाला तो 207.98 आहे. 9,000 गुणिले 207.98 म्हणजे 18,71,820, हे झालं पूर्ण कायमच्या अपंगत्वाचं. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात 20 टक्के, म्हणजे 3,74,364. आता दीड लाखाची ऑफर परत बघा! दवाखान्याचं बिल मालकानं वेगळं द्यायचं, ते यातनं कापायचं नाही, आणि महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज चालू होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन सोशल सिक्युरिटी कोड आलाय, त्यानंतरचा अपघात असेल तर त्यातली कलमं लागतील, पण हिशोबाचा सांगाडा तोच.

तक्त्यातले टक्के म्हणजे शेवटचा शब्द नाही. 1975 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं डावा हात गेलेल्या सुताराला 100 टक्के धरलं, कारण त्याला सुतारकाम करताच येणार नव्हतं. फेटलिंगवाल्याला (ओतलेला माल घासून साफ करणाऱ्याला) ग्राइंडर धरता येत नसेल तर हे वकिलाला नक्की सांगा.

"तुझीच चूक होती" याला घाबरू नका, नुसत्या निष्काळजीपणानं भरपाई जात नाही. दारू पिऊन काम केलं किंवा मुद्दाम मशीनचा गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं संरक्षण) काढला तर मात्र मालकाला बोलायला जागा मिळते. आता गार्ड कोण काढायला लावतं हे सगळ्यांनाच माहिती आहे, माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझरच. म्हणून मशीनचा फोटो, हजेरी कार्ड, सोबत काम करणाऱ्या दोघांचे नंबर पहिल्याच आठवड्यात जमवा.

मग घ्यायचं कधी? माझं मत, जखम भरून डॉक्टरनं अपंगत्वाचे टक्के लिहून दिल्यावर, आणि रक्कम हिशोबाच्या जवळपास असेल तर घ्या. पगार रोखीत, कार्ड नाही, साक्षीदार फिरलेत अशी अवस्था असेल तर थोडं कमी घेण्यात पण शहाणपण आहे, उगाच ताणू नका. पण पैसे बँकेतनं, आणि करार लेबर कोर्टात नोंदवूनच. नुसत्या स्टँप पेपरवर हक्क सोडल्याचं लिहून घेतलं तरी कायद्यानं ते रद्द, आणि मालकानं करार नोंदवला नाही तर पुढं पूर्ण भरपाई देताना आधी दिलेल्यातले निम्मेच त्याला वजा करता येतात, कोर्टानं वेगळं सांगितलं नाही तर. मृत्यू झाला असेल तर घरच्यांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई धरतच नाहीत, ते कोर्टातच भरावे लागतात.

जुन्या, 1923 च्या कायद्यात अपघातापासून दोन वर्षांत दावा टाकायचाय. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कारखान्यातल्या कामगाराला तिथं फुकट वकील मिळतो.

आणि कागद शेवटच्या पानापर्यंत वाचा, बरेचदा मागं राजीनामा जोडलेला असतो. तो काढायला लावा, पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा या पैशाशी काही संबंध नाही.