लवकर जन्मलेलं बाळ: रिपोर्ट कसा वाचायचा, घरी काय बघायचं

माझी लेक 29व्या आठवड्यात झाली. रिपोर्टवर ‘मेंदूत रक्तस्राव, डावी बाजू, ग्रेड 4’ वाचलं आणि तोंडून एकच प्रश्न निघाला, अशा किती बाळांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत राहणारा कायमचा दोष) होते?

पूर्ण दिवसांच्या बाळांत हजारात एखाद-दुसऱ्याला. 28 ते 31 आठवड्यांच्या बाळांत शंभरात पाच-सहा जणांना, त्याहून आधी आलेल्यांत दहा किंवा जास्त. म्हणजे बहुतेकांना होत नाही. पण हा सरसकट हिशेब. तुमच्या बाळाचा अंदाज टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीतून येतो. ग्रेड 1-2 असेल तर धोका कमी. 3 मध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगतात, 4 मध्ये शेजारच्या भागालाही इजा होते.

एका सोनोग्राफीवर थांबू नका. रक्तस्राव बहुधा पहिल्या तीन दिवसांतच होतो, पण मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या इजेच्या पोकळ्या दोन ते चार आठवड्यांनी दिसतात. पहिली नॉर्मल आली तरी पुढची कधी, ते विचारून घ्या.

घरी आल्यावर वय दुरुस्त करून मोजा. 40 मधून जन्माचे आठवडे वजा केले की जे उरतं, तेवढं वय कमी धरायचं. माझ्या लेकीचे 11 आठवडे. ती आठ महिन्यांची झाली तेव्हा मी तिला साडेपाचची धरत होते.

तेव्हाच ती खुळखुळा कायम डाव्या हाताने घ्यायची. उजवीकडे धरला तरी अंग वळवून डावाच हात पुढे. उजवी मूठ आवळलेली, अंगठा आत. आंघोळीला मी एकेक बोट सोडवायचे. घरात सगळे कौतुकाने म्हणायचे, डावखुरी होणार! वर्षाच्या आत मूल एकाच हाताने सगळं करू लागलं तर ते कौतुकाचं नसतं, लगेच दाखवायचं असतं. मला ‘वर्षभर थांबा’ असा सल्ला मिळाला होता. मी दोन महिने थांबले, त्या दोन महिन्यांची रुखरुख अजून आहे.

खरं तर त्याआधीही कळू शकलं असतं. दुरुस्त वयाच्या तीन ते पाच महिन्यांत बाळाच्या हातापायांच्या बारीक, सतत चालणाऱ्या हालचाली बघून जाणकार थेरपिस्ट बराच अंदाज बांधतात. त्यांना दाखवण्यासाठी बाळ जागं आणि खुशीत असताना उताणं ठेवा. पातळ कपडे, जवळ खेळणं नाही, तुम्हीही बोलू नका. वरून तीन मिनिटं मोबाईलवर व्हिडिओ काढा. रडायला लागलं तर बंद करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा.