जुन्या जीपची ओळखपट्टी कशी तपासावी आणि नवी कशी बसवावी

विदर्भातल्या खेड्यांत लढाईच्या काळातली जीप अजूनही अधूनमधून निघते. कधी मालगुजाराच्या वाड्यामागे, कधी बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, ताडपत्रीखाली. मालक डॅशबोर्डवरच्या पट्टीवर बोट ठेवतो आणि गाडी अमेरिकन फौजेची असल्याचे सांगतो. त्या पट्टीवर लगेच विश्वास ठेवू नये आणि ती खोटी ठरवून मोकळेही होऊ नये, कारण पट्टी पाच मिनिटांत काढून दुसऱ्या गाडीला लावता येते.

म्हणून तपासणी चेसिसपासून, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यापासून सुरू करावी. दुसऱ्या महायुद्धात ही जीप विलीजने ‘एमबी’ आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ या नावाने बनवली. पुढच्या बंपरजवळ उकिडवे बसून, रेडिएटरखाली चेसिसच्या दोन्ही बाजूंना जोडणारा आडवा भाग पाहावा. तो गोल नळीचा असेल तर चेसिस विलीजची, आणि उलट्या पन्हाळीसारखा असेल तर फोर्डची. पट्टीवर फोर्डचे नाव आणि खाली गोल नळी असेल, तर ती पट्टी दुसऱ्या गाडीवरून आली आहे किंवा नंतर बनवली आहे. पुढच्या जाळीत नऊऐवजी सात फटी असतील तर ती लढाईनंतरची नागरी जीप समजावी. महिंद्राने १९४७ पासून इथे जोडलेल्या आणि पुढे बनवलेल्या जीप आपल्याकडे त्याहून कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांतल्या उंच बॉनेटच्या ‘सीजे-३बी’ला फौजेची पट्टी लावलेली मी स्वतः पाहिली आहे.

यानंतर नंबर शोधावा. गाडीत पुढे तोंड करून बसल्यावर डावी येणारी बाजू ती डावी. विलीजचा नंबर डाव्या चेसिसच्या आतल्या अंगाला, बंपरच्या मागे रिव्हेट केलेल्या लहान पट्टीवर असतो. फोर्डचा नंबर डाव्या चेसिसच्या वरच्या पृष्ठावर, पुढच्या भागात, थेट लोखंडात ठोकलेला असतो. इंजिनाचा नंबर उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या मागे मिळतो. इंजिनाचा नंबर चेसिसशी जुळला नाही म्हणून घाबरू नये. लष्कराच्या कारखान्यांत दुरुस्तीच्या वेळी विलीजचे इंजिन फोर्डमध्ये आणि फोर्डचे विलीजमध्ये सर्रास बसवले गेले.

नंबरावरचा थर काढताना ग्राइंडर, वायरब्रश आणि पॉलिश कागद यांना हात लावू नये. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके रात्रभर त्या जागेवर ठेवावे आणि सकाळी बांबूच्या कामटीने मळ हलकेच खरवडावा. मग पतंगाचा पातळ कागद त्यावर ताणून धरावा आणि मऊ शिसाची पेन्सिल आडवी फिरवावी. डोळ्यांना न दिसणारा आकडाही कागदावर उमटतो. आर्वीकडच्या एका जीपची पट्टी मी पाहण्याआधीच एका मिस्त्रीने चकाकीसाठी बफवर धरली होती. तीवरची गाडी सुपूर्द केल्याची तारीख कायमची गेली, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

उमटलेल्या ठशाकडे सावकाश पाहावे. डॅशबोर्डवरच्या मुख्य पट्टीचा मजकूर एकसारखा छापलेला असला, तरी अनुक्रमांक आणि तारीख एकेक पंच ठोकून घातलेली असते. त्यामुळे आकडे थोडे वरखाली आणि कमीजास्त खोल असतात. सगळे आकडे एका रेषेत, एका खोलीचे आणि धारदार असतील तर पट्टी आजकालची असण्याचा संभव मोठा. चेसिसवर आकड्यांभोवतीचा पृष्ठभाग खोलगट किंवा घासलेला लागला, तर जुना नंबर काढून नवा ठोकल्याचा संशय धरावा आणि व्यवहार तिथेच थांबवावा.

हाच प्रश्न शर्यतीच्या जुन्या गाड्यांत फार मोठ्या रकमांवर येतो. तिथे अपघातानंतर चेसिस बदलत, इंजिने बदलत, आणि सीमेवरच्या कस्टम्सच्या कागदांशी मेळ बसावा म्हणून एका गाडीची पट्टी दुसरीवर चढवली जाई. १९२९ आणि १९३० साली फ्रान्समधली ल मां शर्यत जिंकलेल्या बेंटले कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, तेव्हा खरेदीदाराने ती अस्सल नसल्याचा दावा केला. १९९० साली इंग्लंडच्या न्यायालयाने तिचे बहुतेक भाग बदललेले असूनही तिचा अखंड इतिहास ग्राह्य धरून ती अस्सल ठरवली. आपल्या जीपबाबतही जुने आरसी बुक, लिलावाची पावती आणि आजोबांच्या काळचा फोटो यांना पट्टीइतकेच मोल द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

मूळ पट्टी हरवली असेल तर नवी बसवण्यात काही गैर नाही. मात्र तिच्या मागच्या बाजूला ‘नक्कल’ हा शब्द आणि बनवल्याचे साल ठोकून घ्यावे, आणि पुढे फक्त चेसिसवर प्रत्यक्ष वाचलेला नंबरच घालावा. तो वाचता येत नसेल तर ती जागा कोरी सोडावी. चेसिसवर स्वतः किंवा वेल्डरकडून काहीही ठोकू नये. तिथला नंबर पुसट असेल तर आरटीओकडे लेखी अर्ज करावा. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीसाठी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी मिळते. तिचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. अर्जाआधी आरसीवरचा नंबर पतंगाच्या कागदावरच्या ठशाशी एकेक आकडा ताडून पाहावा.

मूळ पट्टी चेपलेली असली तरी ती ठोकून सरळ करू नये. तिला तेलाचा हात लावून सुती कापडात गुंडाळावे आणि पेन्सिलीच्या ठशासोबत आरसीच्या फाइलीतच ठेवावे, म्हणजे गाडी विकताना ती गाडीबरोबर जाईल.