चावडीवर प्लाइड कम्रीचा वर्ग घ्यायचा तर

वेगळ्या विदर्भाची गोष्ट निघाली की कोणीतरी ब्रिटनमधल्या वेल्सचं आणि तिथल्या प्लाइड कम्री या वेल्सवादी पक्षाचं नाव घेतोच. त्यावर गावात वर्ग घ्यायचा तर कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री आठनंतरची वेळ ठेवा, त्याआधी कास्तकार मोकळा नसतो. सोबत फळा, खडू, चार वाट्या आणि मोजून १०० चिंचोके.

नाव आधी फळ्यावर लिहा: प्लाइड म्हणजे पक्ष, कम्री म्हणजे वेल्स. स्पेलिंग पाहून 'सायमरू' म्हणू नका.

पक्ष १९२५ चा, पण सुरुवात धरणापासून करा. गोसीखुर्दचं पुनर्वसन पाहिलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं म्हणून धरण बांधून कापेल केलिन हे वेल्श भाषिक गाव १९६५ मध्ये बुडवलं. त्या धरणाला परवानगी देणाऱ्या १९५७ च्या विधेयकाच्या बाजूने वेल्सच्या ३६ पैकी एकाही खासदाराने मत दिलं नव्हतं, तरी ते मंजूर झालं. १९६६ मध्ये ग्विनफॉर एव्हान्स कार्मार्थनमधून पक्षाचे पहिले खासदार झाले. मात्र 'धरण झालं आणि सत्ता आली' असं सांगू नका. १९७९ च्या सार्वमतात वेल्सचं स्वतंत्र विधिमंडळ लोकांनी चारास एक अशा फरकाने नाकारलं. १९९७ च्या सार्वमतात ते मंजूर झालं, तेही फक्त ६,७२१ मतांच्या फरकाने.

आता चिंचोके. २०२६ पासून तिथल्या सभागृहात ९६ जागा, १६ मतदारसंघ, प्रत्येकी सहा. मत पक्षाच्या यादीला. एक मतदारसंघ घ्या: वाटी म्हणजे पक्ष, चिंचोका म्हणजे मत. वाट्यांत अ ४२, ब ३०, क १८, ड १० असे टाका. प्रत्येक आकड्याला एक, दोन, तीन असं भागत फळ्यावर मांडा आणि सहा जागांसाठी सर्वांत मोठे सहा आकडे निवडा: ४२, ३०, २१, १८, १५, १४. म्हणजे अ तीन, ब दोन, क एक, ड रिकामा.

हमखास चुकतं ते इथे: पोरं ४२ चे २१ करतात आणि पुढे २१ लाच तीनने भागून ७ काढतात. मग सहावी जागा ड ला जाते. भागाकार दरवेळी मूळ मतांचाच.

वाट्या उचलण्याआधी त्याच चिंचोक्यांवर आपला विधानसभेचा नियम लावून दाखवा: जागा एक, ४२ वाला अ निवडून आला, बाकी ५८ चिंचोके पिशवीत.